सायकल नसलेल्याची तिहेरी शर्यत

किस्से जमवायला मी कधी गेलो नाही. गवतातून चालून आलं की पायजम्याला कुसळं चिकटलेली असतात, तसे ते मला चिकटत गेले. त्यातले बरेचसे एकाच पावसाळ्यातले, सन चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराचे. चहाला बसलो की मंडळी म्हणतात, "येशा, तो चप्पल हुंगवल्याचा सांग!" मी सांगतो. ते हसतात. आता मीही हसतो. त्या वेळी मात्र रडू यायचं, खरंच सांगतो.

कुंभिवलीजवळ हायवेला लागून आमचा कारखाना. मी मेंटेनन्समध्ये वायरमनचा हेल्पर, टेम्पररी. टेम्पररी म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही तो सुखी! सलग ठराविक दिवस भरले की माणूस कायद्याने कायम होतो. म्हणून ते भरायच्या आत घरी पाठवायचं, याला ब्रेक म्हणत, आणि महिन्याभराने पुन्हा नवीन म्हणून भरती करायचं. सहा वर्षांत मी आठ वेळा नवीन झालो होतो. आठव्या वेळी गेटवरच्या वॉचमनने रजिस्टर उघडून विचारलं, "नवीन का रं?"

मी म्हणालो, "व्हय, आजच लागलो."

सहा वर्षं आम्ही दोघं एका डब्यातून जेवत होतो!

*

त्या वर्षी खन्ना म्हणून नवे मॅनेजर आले, दिल्लीकडचे. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं की माणसं आधी पोहतात, मग सायकल चालवतात आणि मग पळतात, सगळं एका दमात. याला ट्रायथलॉन म्हणतात. साहेबांनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना गोळा करून हे समजावून सांगितलं. पळसदरीच्या तळ्यात अर्धा किलोमीटर पोहायचं, तिथून खोपोलीवरून कारखान्याच्या गेटपर्यंत सायकल, वीस-बावीस किलोमीटर, आणि गेटपासून खालापूरला पळत जाऊन परत.

आमच्याकडे माणूस पळतो तो एसटी पकडायला.

मग साहेब म्हणाले, "जो टेम्पररी लड़का तीनों पूरा करेगा, उसको मैं परमनंट करूँगा! नंबर नहीं चाहिए. सिर्फ पूरा करना है."

माझा हात आपोआप वर गेला. शेजारी दत्तू फिटर बसला होता, माझा जिवाभावाचा मित्र आणि कायम कामगार. तो कानात म्हणाला, "येशा, तुला पवायला येतं, पळायला पन येतं. सायकल कुठाय?"

मी हात खाली घ्यायला लागलो. तोवर साहेबांनी नाव लिहून घेतलं होतं.

*

माझे कोच झाले सोमणसाहेब. ऑफिसात हेडक्लार्क. कर्जतचं जुनं घराणं, वडील मास्तर, आजोबा वकील. नियमाचा माणूस. रजेच्या अर्जावर तारीख उजवीकडे न घालता डावीकडे घातली तर अर्ज परत! पण तरुणपणी उल्हास नदी पुरात पोहून गेलेले, आणि माझं नाव यादीत बघून स्वतः उठून मेंटेनन्समध्ये आले. रविवारी मला पळसदरीला नेलं, पोहायला लावलं आणि काठावरून सांगितलं, "यशवंत, तू म्हशीसारखा पोहतोस. बुडत नाहीस, पण पोचतही नाहीस."

मग जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या बाकावर सराव सुरू झाला. मी बाकावर पालथा. हातपाय हवेत मारायचे, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, तोंडाने फुर्र फुर्र श्वास सोडायचा. सोमणसाहेब स्टॉपवॉच घेऊन शेजारी उभे.

दारातून आमचे फोरमन आले. त्यांनी हे बघितलं आणि ओरडले, "अरे धरा रं त्याला! फेफरं आलं!"

चौघांनी माझे हातपाय दाबले. एकाने बुक्कीने कांदा फोडून नाकाशी धरला. फोरमननी आपली चप्पल काढून हुंगवली. मी सांगायला तोंड उघडायचो, तर चप्पल आणखी जवळ यायची.

आणि सोमणसाहेब घड्याळावरची नजर न काढता ओरडत होते, "सोडा त्याला! अजून वीस सेकंद राहिलीत!"

कारखान्याच्या दवाखान्यातल्या रजिस्टरात माझ्या नावापुढे 'फेफरे' लागलं ते लागलंच. आईच्या कानावर गेलं. तिने दंडाला ताईत बांधला.

*

सायकल पहिल्यांदा मिळाली ती कर्जतला भाड्याच्या दुकानात. दुकानदाराची अट एकच: "माझ्या नजरेच्या टप्प्यात चालवायची. मागं एक सायकल खोपोलीला गेली ती अजून यायची हाय."

त्यामुळे मी त्याच्या दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत गोल गोल फिरायचो. संध्याकाळी दीड-दोन तास. चक्कर यायची, पण पाय तयार होत होते.

त्या काळी गावोगाव सायकलवाले यायचे. मैदानात सात-सात दिवस न उतरता सायकल चालवायची. सायकलवरच दाढी, सायकलवरच जेवण, भोंग्यावर गाणी. तिसऱ्या दिवशी बघतो तर माझ्याभोवती कडं करून ही गर्दी! कुणी हार घातला. कुणी सोललेलं केळं तोंडात कोंबलं. एका बाईने चालत्या सायकलवर बादलीभर पाणी ओतून मला आंघोळ घातली.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "कितवा दिस रं बाळा?"

माझ्या सरावाचा तिसराच होता. मी म्हणालो, "तिसरा."

टाळ्यांचा कडकडाट!

सातला दुकान बंद व्हायची वेळ झाली. मी पाय टेकला आणि उतरलो. तसा तोच म्हातारा काठी उगारून ओरडला, "उतरला! फसवतो काय रं लोकांना!"

सायकल मी दुकानात अक्षरशः फेकली आणि एसटी स्टँडपर्यंत पळालो. माझा तोवरचा सगळ्यात चांगला टायमिंग तोच.

*

पळण्याचंही सांगतो. मी राहायचो कोंडाण्याला. सोमणसाहेबांनी सांगितलेलं, पहाटे उठून कर्जतच्या रस्त्याला पळायचं, मागे वळून बघायचं नाही, थांबायचं नाही, बोलायचं नाही, दम जातो.

आमच्याकडे पहाटे माणूस पळताना दिसला म्हणजे कुणाला तरी पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि हा डॉक्टरला आणायला निघाला. दुसरा अर्थच नाही. लावणीचे दिवस, बांधावर माणसं होतीच. "काय झालं रं येशा? कुनाला?" मी काही बोललो नाही. बोलायचं नव्हतं ना! न बोलण्यावरून त्यांनी ओळखलं की घरातलंच कुणीतरी आहे.

तीन-चार किलोमीटर गेल्यावर पाठीमागे धपधप आवाज यायला लागला. तरी मी वळून बघितलं नाही. कर्जतच्या अलीकडे पुलावर थांबलो तेव्हा बघितलं. मागे पंधरा-सोळा माणसं, चिखलाने भरलेली. चौघांच्या खांद्यावर बाजेची डोली. डोलीत माझी आजी, शुद्धीवर, चांगली धडधाकट, रागाने लाल!

"पान कुनाला लागलंय ते कळंना," शेजारचा नामदेव धापा टाकत म्हणाला. "घरात ही एकटीच निजलेली घावली. म्हटलं हीच असंल."

आजी पुढे चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

*

दुसरी सायकल कळंबच्या दूधवाल्याची. सकाळचं दूध घातलं की सायकल दुपारी रिकामी. तो भला माणूस, पण कॅन काढू देईना. कॅनशिवाय तिचा तोल जातो म्हणाला, आणि ते खरं होतं, ती सायकल कॅन नसतील तर डावीकडे ओढायची. त्यामुळे मी शर्यतीचा सराव करायचो तो दोन्ही बाजूंना रिकामे कॅन खडखडवत.

प्रत्येक घरातून बायका पातेली घेऊन बाहेर! एका आजीबाईंनी तर हँडलच धरलं. "काल पानी लई घातलंत वं!"

"आजी, मी दूधवाला नाय. मी प्रॅक्टिस करतोय. जोरात चालवायची."

आजीबाई शेजारणीकडे वळल्या. "बघ गं, म्हनून दुधाला एवढा फेस!"

आठवड्याभरात आवई उठली की दूधवाला दुपारच्या दुसऱ्या फेरीचं दूध हॉटेलांना चोरून घालतो. तो सायकल परत न्यायला आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुजं कायम व्हायचं तवा व्हईल, येशा. हितं माजी कायमची गिऱ्हाइकं चाललीत."

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशी मी कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून बराच वेळ नुसता बसलो. सायकल नाही म्हणून माणसाचं आयुष्य अडू शकतं, हे कुणाला सांगितलं तरी हसूच येईल, हे मला तेव्हाही कळत होतं.

पाय थंड पडू नयेत म्हणून मग मी रोज तासभर मावशीचं शिलाई मशीन पायाने चालवायला लागलो. वर मावशी कापड सरकवायची. गणपतीपर्यंत तिने अकरा परकर शिवले.

*

आता मुलीचं. माझं वय अठ्ठावीस. मुलगी बघायला गेलो की चहाच्या आधी प्रश्न यायचा, "पोरगा कायम हाय का?" कधीकधी त्या उत्तरानंतर चहा यायचाच नाही.

कळंबचे गोविंदराव मात्र सरळ माणूस. त्यांनी पोहेसुद्धा दिले. त्यांची शालन मला आवडली होती, आणि मी तिला नकोसा नव्हतो असं तिच्या बघण्यावरून वाटलं. पडवीत एक कोरी करकरीत सायकल उभी, हँडलला खाकी कागद गुंडाळलेला. गोविंदराव म्हणाले, "जावयाला द्यायला घेतलीय. तू कायम झालास की शालन तुजी. आन् शालनसंगं सायकल."

मी त्या सायकलीकडे बघतच राहिलो. बरोबर दत्तू होता. तो म्हणाला, "मामा, सायकल आधी द्या. सायकल मिळाली की हा कायम व्हईल."

"आन् नाय झाला तर? जावई नसलेल्याला सायकल दिली, असं व्हईल. लोकं काय म्हन्तील?"

"मंग पोरगी आधी द्या. म्हंजे जावई झाला."

"टेम्पररीला?"

"सायकल दिली की कायम व्हईल ना!"

"जावई नसलेल्याला?"

असे आम्ही तीन वेळा फिरून त्याच जागी आलो. पोहे संपले. शेवटी शालनच आतून आली. बशा उचलता उचलता, कुणाकडेही न बघता बापाला म्हणाली, "दादा, शर्यतीच्या दिवसापुरती द्या. मंग परत आनून ठेवा." आणि आत गेली.

गोविंदरावांनी हँडलवरचा सुटलेला खाकी कागद पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "दिला शब्द. शर्यतीच्या दिवशी सायकल तळ्यावर हजर!"

परत येताना दत्तूने मला मिठी मारली. मी त्या सायकलीवर एकदाही बसलो नव्हतो, पण मला वाटलं, झालं. आपण कायम झालो.

*

शेवटचा किस्सा शर्यतीचा.

आठ दिवस आधी खन्नासाहेबांची बदली झाली. शर्यतीच्याच संध्याकाळी ते दिल्लीला निघणार होते. मी धावत केबिनमध्ये गेलो. ते म्हणाले, "घबराओ मत. तुम पूरा करो, लेटर पे साइन करके ही जाऊँगा." त्यांच्यानंतर कोण येणार, तो हा शब्द मानणार का, कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि माझा नववा ब्रेक चार दिवसांवर आला होता.

शर्यतीचा दिवस साहेबांनी कधीचा ठरवून टाकलेला. मशीन बंद कधी असतात, असं त्यांनी विचारलं होतं आणि आम्ही सगळे एका सुरात ओरडलो होतो, "खंडेनवमीला!" दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची, हत्यारांची पूजा होते आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती. पूजेतली वस्तू उत्तरपूजेपर्यंत चालवायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे पाळणाऱ्या आम्हा तीनशे माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की सायकलसुद्धा पूजेतच असते!

मी पाण्यातून तिसरा बाहेर आलो. तिसरा! पुढे दोन इंजिनियर होते, स्टाफ कॉलनीतले, मुंबईहून आणलेल्या रेसच्या सायकली घेऊन ते निघूनही गेले. काठावर गोविंदराव एका भाड्याच्या टेंपोशेजारी उभे होते. टेंपोत सायकल. तिला झेंडूचा भलामोठा हार, हँडलला आंब्याची डहाळी, मडगार्डवर हळदकुंकवाची बोटं.

"पहाटेच पूजा केली," गोविंदराव म्हणाले. "घरातलं पयलं वाहन हाय, पयली पूजा तिची."

मी चेन बघायला वाकलो तसे ते दचकले. "चालवू नकोस हां! पूजेतली हाय."

"मग आणलीत कशाला?"

"शब्द दिला व्हता न्हवं!"

"आणि हा टेंपो?"

"त्याची पूजा दुपारनं हाय."

दत्तूने डोक्याला हात लावला. मी ओल्या अंगाने तिथे उभा, दंडावर ताईत, मागून एकेक जण येऊन, पूजा संध्याकाळवर ठेवलेल्या आपल्या सायकलीवर बसून चाललेला. गोविंदरावांचा चेहरा मला आजही दिसतो. त्यांना दोन्ही हवं होतं, शब्दही आणि पूजाही, आणि यात माझं नुकसान होतंय हे त्यांना कळत होतं. ते हळूच म्हणाले, "टेंपोत आमी उचलूनच ठेवली. उचलायला हरकत नाय."

"ढकलत नेली तर?"

"चाक फिरलं म्हंजे चाललीच की रं."

दत्तू कानात म्हणाला, "येशा, वळणापर्यंत उचल. पुढं बस. कोन बघतंय?"

वळण आलं. टेंपो बराच मागे होता. मी सायकल खाली टेकवली, हार बाजूला केला आणि सीटवर हात ठेवला. सीटवरही कुंकू होतं. माझ्याच्याने होईना. मी ती पुन्हा खांद्यावर घेतली.

वीस-बावीस किलोमीटर! ऑक्टोबरचं ऊन. दांडी उजव्या खांद्यात रुतली की डाव्या, डाव्यात रुतली की डोक्यावर. खोपोलीत लोकांनी विचारलं, "पंक्चर झाली का वं?" तीनदा मी रस्त्याच्या कडेला बसून रडलो. लाज वाटली नाही. गोविंदराव टेंपोतून उतरून पाणी पाजायचे आणि प्रत्येक वेळी म्हणायचे, "ऱ्हाऊ दे रं येशवंता, ऱ्हाऊ दे." मी पुन्हा उचलायचो.

गेटवर सायकल त्यांच्या हवाली केली आणि खालापूरला पळालो. पळालो म्हणजे काय, पाय उचलत गेलो. परत आलो तेव्हा साडेचार वाजले होते. बक्षिसं वाटून मांडवही निम्मा उतरवला होता. गेटवर फक्त सोमणसाहेब उभे होते, हातात स्टॉपवॉच. चालू!

त्यांनी ते बंद केलं, वेळ मोठ्याने वाचली आणि मला धरून खन्नासाहेबांपुढे नेलं. दोघा-तिघांनी हरकत घेतली, सायकल चालवलीच नाही म्हणून. सोमणसाहेबांनी नियमांचा कागद काढला. "'सायकलीसह अंतर पार करणे' असं लिहिलंय. 'बसून' असं कुठेही लिहिलेलं नाही. स्पर्धा पूर्ण."

खन्नासाहेबांनी माझा सोललेला खांदा बघितला आणि त्यांचे डोळे भरून आले. "सोमण, लेटर बनाओ! अभी! मेरी गाड़ी खड़ी है."

सोमणसाहेब जागचे हलले नाहीत.

"साहेब, टाइपरायटर पूजेत आहे."

"तो हाथ से लिखो!"

"पेनं, तुमचंसुद्धा, दौत, शिक्का, सगळंच पूजेत आहे. मीच मांडलीय सकाळी. उद्या दसरा. परवा पहिलं काम हेच करतो."

"परसों मैं कहाँ रहूँगा, सोमण?"

पाच महिने सोमणसाहेबांनी माझ्यासाठी ऊन-पाऊस बघितला नव्हता. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून टेबलावर पडत होतं.

साहेब माझ्याकडे वळले. "यशवंत, तुम बोलो. तुम बोलोगे तो ये अभी टाइप करेगा. मैं करवाऊँगा."

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. दत्तू पाठीत बोट खुपसत होता, "बोल रं, बोल!" दारात गोविंदराव उभे. टेबलावर टाइपरायटर, त्यावर झेंडूचा हार, बटणांवर हळदकुंकू.

मी म्हणालो, "नको साहेब. सोमणसाहेबांचं बरोबर हाय."